एका यंत्राचे दोन वहिवाटदार

संगणकाचे सुटे भाग निवडून देण्याच्या आणि ते जुळवून चालते यंत्र गिऱ्हाइकाच्या स्वाधीन करण्याच्या ज्या व्यवसायात माझ्या उमेदीची सारी वर्षे गेली, त्या व्यवसायाला बाजारभावाची माहिती, पेचकस धरण्याइतका स्थिर हात आणि थोडीबहुत इंग्रजी परिभाषा यांपलीकडे काही लागत नाही, अशी एक समजूत सर्वत्र रूढ आहे. आणि ती सर्वस्वी खोटी आहे असे मला म्हणवत नाही, कारण एवढ्याच भांडवलावर पुण्या-मुंबईत अनेकांनी दुकाने थाटली व त्यांतील कित्येक उत्तम चालली. जुळणीचे काम तर इंटेल कंपनीने १९९५ साली एटीएक्स या नावाने मापांचा जो दंडक घालून दिला त्यानेच सोपे करून ठेवले आहे. मदरबोर्डावरील भोके कोठे असावीत, एसएमपीएस केवढ्या चौकटीत बसावा, केबलींची तोंडे कोणत्या बाजूला यावीत, हे सारे तेव्हापासून ठरून गेलेले असल्यामुळे तैवानी कंपनीचा बोर्ड, कोरियात घडलेली रॅम आणि चीनमधून आलेले कॅबिनेट हे तिघे लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या पोटमाळ्यावर प्रथमच एकत्र आले तरी त्यांचे परस्परांशी पटते. न पटण्याचा प्रश्न उद्भवतो तो यंत्राचा आणि ते वापरणाऱ्याचा.

हल्ली गिऱ्हाईक येते तेच मुळी यादी घेऊन. ही यादी बहुधा निर्दोष असते. प्रोसेसर कोणता, बोर्ड कोणता, कार्ड किती जीबीचे, पंखे किती आणि त्यांचे दिवे कोणत्या रंगाचे, इथपर्यंतचा तपशील तीत जिन्नसवार भरलेला असतो, आणि यूट्यूबवरचे नाना व्हिडिओ पाहून ती सिद्ध झालेली असल्यामुळे तीतील एखादा जिन्नस बदला म्हणून सुचवणे हा गिऱ्हाइकाच्या अभ्यासाचा उपमर्द ठरतो. तीत नमूद नसते ते एवढेच की, हे यंत्र सकाळी चालू केल्यापासून रात्री बंद करीपर्यंत नेमके काय काम करणार आहे. म्हणून माझा शिरस्ता असा की, यादी न वाचता बाजूला ठेवायची आणि सांगायचे : कॅमेऱ्यातून निघालेली, जिला अद्याप कोणी हात लावलेला नाही अशी एखादी क्लिप आणि हातात असलेले एखादे अर्धवट काम घेऊन या, मग बोलू. पुष्कळांना ही अट विक्षिप्त वाटते, काहींना ती दर वाढवण्याची क्लृप्ती वाटते, आणि काही जण ती ऐकून सरळ शेजारच्या दुकानाची पायरी चढतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही; शेजाऱ्यालाही पोट आहे.

२०२५ सालच्या आषाढात कऱ्हाडकडचे एक गृहस्थ आपल्या मुलासह आले, तेव्हाही मी हेच सांगितले. लग्नसमारंभाच्या चित्रीकरणाचा धंदा चातुर्मास लागला की थंडावतो आणि तुळशीची लग्ने उरकली की पुन्हा जोर धरतो. त्यामुळे या धंद्यातील माणसे यंत्राची खरेदी बहुधा या मोकळ्या महिन्यांत करतात. वडिलांची पन्नाशी उलटलेली. सुरुवातीला रोलचा कॅमेरा, मग व्हिडिओ कॅसेट, मग एडियसवरचे एडिटिंग आणि आता दाविंची, अशी या विद्येची सगळी स्थित्यंतरे त्यांनी स्वतःच्या हातांनी पार पाडलेली. मुलगा पुण्यात अभियांत्रिकीला, आणि सुट्टीत घरी गेला की रात्र-रात्र खेळणारा.

"साहेब, मला गेमबिम काही कळत नाही," वडील म्हणाले. "माझं लग्नाचं काम अडायला नको आणि ह्याची हौस भागायला पाहिजे. मशीन एकच होणार. दोन घ्यायची माझी ताकद नाही."

"काका, प्रोसेसर फक्त एक्स-थ्री-डी घ्यायचा," मुलगा म्हणाला. "बाकीचं तुम्ही म्हणाल तसं."

अंदाजपत्रक दीड लाखाचे, त्यातच अठरा टक्के जीएसटी, आणि मॉनिटर घरचाच राहणार.

वरवर पाहता दोघांच्या गरजा एकच वाटतात, कारण दोहोंना बलाढ्य प्रोसेसर आणि महागडे ग्राफिक कार्ड लागते, आणि गेमिंगचा पीसी एडिटिंगलाही चालतो हे वाक्य आमच्या बाजारात सिद्धांताच्या थाटात वावरते. वस्तुतः दोन्ही मागण्यांचा स्वभाव भिन्न आहे. आपल्याकडे लग्नाचे चित्रीकरण बहुधा सेकंदाला २५ फ्रेमने होते. म्हणजे एक फ्रेम पडद्यावर आणण्यासाठी एडिटिंगच्या यंत्राला ४० मिलिसेकंदांची मुदत मिळते. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर खेळणाऱ्याच्या यंत्राला तेच काम ७ मिलिसेकंदांच्या आत उरकावे लागते. परंतु एडिटिंगची ती एक फ्रेम तीन-तीन कॅमेऱ्यांच्या क्लिपांमधून एकाच वेळी उलगडायची असते, तिच्यावर रंगाचे आणि सफाईचे संस्कार व्हायचे असतात, आणि फिल्म एक्स्पोर्टला लावली की हेच काम तासन्‌तास अखंड चालायचे असते. उलट खेळातले काम क्षणाक्षणाचे असून त्याची प्रत सरासरीवरून ठरतच नाही, शंभरांतली जी एक फ्रेम सर्वांत उशिरा येते तिच्यावरून ठरते, कारण शत्रू दारात उभा राहतो तो नेमका त्याच क्षणी. एका वहिवाटदाराला दम हवा असतो, दुसऱ्याला तत्परता; आणि दीड लाखात दोन्ही पूर्णांशाने मिळत नाहीत, हे त्यांना प्रथम सांगून टाकणे मी माझे कर्तव्य समजतो.

पुढच्या खेपेला ते क्लिप घेऊन आले. मीडियाइन्फो नावाच्या एका छोट्या मोफत प्रोग्रॅममध्ये ती उघडली तेव्हा पडद्यावर जे लांबलचक कोष्टक उमटले, त्यातील तीन नोंदींवर मी बोट ठेवले : एचईव्हीसी, ४:२:२, १० बिट. या तीन नोंदींत त्या गृहस्थांची गेल्या वर्षभराची सारी व्यथा साठवलेली होती. नवा कॅमेरा घेतल्यापासून त्यांचे जुने यंत्र टाइमलाइनवर अडखळू लागले होते. व्हायरस आला असे कोणी सांगितले म्हणून ते पुनःपुन्हा फॉरमॅट झाले, रॅम वाढवली गेली, पंखा बदलला गेला, आणि अडखळणे मात्र तिळमात्र कमी झाले नाही.

एचईव्हीसी या पद्धतीत प्रत्येक फ्रेम पुरती लिहिलेली नसते. कचेरीतला जुना कारकून रोजकीर्दीच्या पहिल्या ओळीत सारा मजकूर लिहून खालच्या ओळींत 'सदर' एवढेच लिहीत जाई आणि जेथे फरक पडला तेवढाच नोंदवी, त्याप्रमाणे कॅमेरा एक फ्रेम पूर्ण लिहितो आणि पुढच्यांत केवळ फरक टिपतो. म्हणून मधलीच एखादी फ्रेम पाहायची झाली की यंत्राला मागे जाऊन ती पूर्ण लिहिलेली ओळ गाठावी लागते आणि तेथून एकेक फरक मांडीत पुढे यावे लागते. आणि एडिटिंग करणारा माणूस तर दिवसभर मधल्याच फ्रेम पाहत असतो. त्यात १० बिट म्हटले की प्रत्येक रंगाच्या २५६ ऐवजी १०२४ छटा आल्या. आणि ४:२:२ म्हटले की रंगाची नोंद मोबाइलच्या साध्या क्लिपेपेक्षा दुप्पट दाट झाली. शालूचा जांभळा आणि हळदीचा पिवळा यांतील बारकावे याच दाटीमुळे टिकतात, हे खरे. परंतु हा गुंता उलगडण्याचे काम प्रोसेसरच्या किंवा कार्डाच्या पोटातील एक स्वतंत्र विभाग करीत असतो, आणि ज्या प्रकारासाठी तो घडवलेला नाही तो प्रकार समोर आला की सारा भार प्रोसेसरच्या सर्वसाधारण कोअरांवर पडतो. इंटेलच्या २०२१ सालच्या अकराव्या पिढीपासून पुढील डेस्कटॉप प्रोसेसरांच्या अंगभूत ग्राफिक्सला ४:२:२ चे एचईव्हीसी उलगडता येते. एनव्हिडियाच्या कार्डांना मात्र ही विद्या २०२५ साली ५० मालिका आली तेव्हा प्राप्त झाली. परिणामी ४० मालिकेतील अत्यंत महागडे कार्ड बसवलेल्या यंत्रावर जी क्लिप अडखळते, तीच एखाद्या मध्यम किमतीच्या इंटेल यंत्रावर सुरळीत चालते, आणि ज्याने महागडे कार्ड घेतले तो दुकानदाराला शिव्या देतो. त्यातही इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस 'एफ' हे अक्षर असते त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. थोडीशी किंमत वाचते म्हणून हाच प्रोसेसर एडिटिंगच्या यंत्रांत सर्रास घातला जातो, आणि गिऱ्हाइकाला त्या अक्षराचा अर्थ कोणी सांगत नाही.

"म्हणजे माझं मशीन बिघडलं नव्हतं?" गृहस्थांनी विचारले.

"बिघडलं नव्हतं. तुम्ही कॅमेरा बदललात, त्या दिवशी ते अपुरं पडलं."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पुनःपुन्हा फॉरमॅट करण्याचे पैसे ज्याने घेतले त्याची त्यांना आठवण झाली असावी.

आता मुलाच्या आग्रहाचा विचार करणे प्राप्त होते, आणि तो आग्रह बालिश होता असे मुळीच नाही. एएमडीच्या एक्स-थ्री-डी प्रोसेसरांत कोअरांच्या निकट वसणारी कॅश स्मृती एकावर एक थर रचून वाढवलेली असते. ८ कोअरांच्या ७८०० एक्स-थ्री-डी मध्ये ती ९६ एमबी आहे, आणि खेळांतील पुनःपुन्हा लागणारी सामग्री तेथेच हाताशी मिळाल्यामुळे तो प्रोसेसर खेळांत आपल्याहून पुष्कळ महाग प्रोसेसरांना मागे टाकतो. परंतु हा लाभ पदरात पडण्यासाठी ग्राफिक कार्ड प्रोसेसरची वाट पाहत बसलेले असावे लागते. मी दुकानातील यंत्र १४४० च्या मापावर लावले, सायबरपंक मुलाच्या हाती दिला, आणि कोपऱ्यात आकडे दाखवणारी पट्टी चालू केली. कार्ड ९८-९९ टक्क्यांवर खिळलेले, प्रोसेसर मात्र निवांत. या अवस्थेत प्रोसेसर आणखी जलद केल्याने एकही फ्रेम वाढत नाही. "काउंटर-स्ट्राइकमध्ये वाढते," तो म्हणाला. वाढते, पण तेथे साध्या प्रोसेसरवरही आकडा त्याच्या मॉनिटरच्या १४४ च्या वर जातो. त्यावरही जास्त फ्रेम आल्या की माउसचा प्रतिसाद जलद होतो असे त्याने सुनावलेच, आणि ते म्हणणे निराधार नसल्यामुळे मी ते खोडून काढले नाही. फक्त एवढेच विचारले की, त्या प्रतिसादासाठी वडिलांची फिल्म रोज किती वेळ जास्त तिष्ठत ठेवायची.

यावर त्याने त्या दुपारचा सर्वांत सबळ मुद्दा मांडला. "५० मालिकेचं कार्ड घेणारच आहोत ना? मग क्लिप कार्ड उलगडेल. इंटेल कशाला पाहिजे?" असे गिऱ्हाईक भेटले की धंद्याचा शीण उतरतो. माझे उत्तर दुहेरी होते. तीन कॅमेऱ्यांची टाइमलाइन असेल तर उलगडा करणारे विभाग प्रोसेसरात एक आणि कार्डात एक असे दोन असलेले बरे, आणि दाविंचीत त्यांपैकी कोणाकडून काम घ्यायचे हे निवडताही येते. शिवाय दिवसभराच्या एडिटिंगला ८ कोअरांपेक्षा २० कोअर केव्हाही उपकारक. माझ्या मनात असलेला इंटेलचा कोअर अल्ट्रा ७ २६५-के हा २० कोअरांचा प्रोसेसर २०२४ च्या ऑक्टोबरात आला तेव्हा खेळांतील त्याच्या कामगिरीवर परीक्षकांनी चौफेर टीका केली होती, आणि ती रास्तही होती. परंतु त्या टीकेमुळे पुढे त्याचा भाव उतरला आणि एडिटिंग करणाऱ्यांचे फावले. एएमडीच्या एएम-५ बोर्डावर पुढेमागे नवा प्रोसेसर बसवता येईल, तशी सोय इंटेलच्या या बोर्डावर फारशी नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण ज्या गृहस्थाने आयुष्यात एकदाही प्रोसेसर बदललेला नाही, आणि जो यंत्र पार थकेपर्यंत वापरून मगच टाकतो, त्याच्या पैशाने भविष्याची तजवीज करण्यात काय स्वारस्य?

कार्डाचा कज्जा अधिक सरळ होता, कारण तेथे पुरावा हाताशी होता. मुलाला आरटीएक्स ५०७० हवे होते. त्यात १२ जीबी स्मृती. माझ्या मनात ५०६० टीआय होते. वेगाने ते निश्चितच उणे, पण स्मृती १६ जीबी. गृहस्थांनी आणलेल्या अर्धवट कामात हळदीच्या रात्रीचे चित्रीकरण होते. मांडवात एलईडीचे जांभळे-गुलाबी दिवे, मध्येच लोड शेडिंग झालेले, जनरेटर सुरू होईपर्यंत कोणी मोबाइलच्या बॅटऱ्या धरलेल्या. अशा प्रकाशात कॅमेऱ्याची संवेदनशीलता चढवावी लागते आणि चित्रात दाणे उमटतात. ते पुसण्यासाठी दाविंचीत जी सोय आहे ती शेजारच्या अनेक फ्रेम एकाच वेळी कार्डाच्या स्मृतीत धरून ठेवते. मी टास्क मॅनेजर उघडून ठेवला आणि त्यांना टाइमलाइन चालवायला सांगितले. आकडा ८ च्या पुढे गेला, १० च्या पुढे गेला, आणि नवरीला हळद लावणाऱ्या बायकांचा घोळका आला तेथे १२ ओलांडून गेला. घरच्या ८ जीबीच्या कार्डावर याच जागी जीपीयूची मेमरी भरल्याचा संदेश येऊन काम थांबत असे. मुलगा वाद न घालता गप्प बसला. एक सावधगिरी येथे सांगण्याजोगी आहे : ५०६० टीआय याच नावाने ८ जीबीचे कार्डही विकले जाते, खोक्यावरचे नाव तेच असते, आणि बिलात केवळ नाव लिहून घेतले तर पुढे दाद मागायला जागा राहत नाही.

रॅमविषयी फार लिहिण्याची गरज नाही. ६४ जीबी घ्यायची ती ३२ च्या दोन पट्ट्यांत, १६ च्या चार पट्ट्यांत नव्हे. चार पट्ट्या लावल्या की डीडीआर-५ चा वेग उतरतो. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीनेच दोन पट्ट्यांना ५२०० आणि चार पट्ट्यांना ३६०० हा वेग नेमून दिला आहे, आणि इंटेलकडेही प्रकार याच जातीचा आहे. बायॉसमध्ये एक्सएमपी चालू करायला विसरू नये. ते न केल्यामुळे पैसे मोजून घेतलेला वेग वर्षानुवर्षे न वापरता पडून राहिलेली यंत्रे माझ्याकडे दुरुस्तीला येतात.

साठवणीबाबत मात्र मी हट्टी आहे. सेकंदाला १०० मेगाबिट असा हलका दर धरला तरी एका कॅमेऱ्याची तासाभराची नोंद ४५ जीबी भरते. तीन कॅमेरे आणि साखरपुड्यापासून वरातीपर्यंतचे कार्यक्रम धरले की एका लग्नाला अर्धा टीबी सहज लागतो. स्वस्त क्यूएलसी जातीचे एसएसडी प्रारंभी भलत्याच वेगाने नोंदी घेतात आणि त्यांची आतली राखीव जागा भरली की एकाएकी साध्या हार्ड डिस्कइतके मंदावतात. कार्डामागून कार्ड रिकामे करणाऱ्या माणसाला हा मंदपणा नेमका समारंभाच्या मध्यरात्री भेटतो. म्हणून कामाच्या क्लिपांसाठी २ टीबीचा टीएलसी एसएसडी ठरवला. खेळांसाठी वेगळा, लहान आणि स्वस्त, ठरवला, आणि तो केवळ मुलाच्या नावे लावून दिला. कारण एकेका खेळाला १०० जीबी जागा लागू लागल्यापासून बापलेकांत हद्दीचे तंटे फार होऊ लागले आहेत. तिसरी गोष्ट म्हणजे दुसरी प्रत. वेगावर पैसे खर्च करायला सगळे तयार असतात, दुसऱ्या प्रतीवर कोणीच नसते. आणि लग्न पुन्हा लावून चित्रीकरण करता येत नाही, हे वाक्य मला त्या गृहस्थांपुढेही उच्चारावे लागले. त्यांनी मान डोलावली आणि बॅकअपची हार्ड डिस्क यादीतून काढायला सांगितली.

एसएमपीएस, कॅबिनेट आणि यूपीएस या तिघांना यादीत सर्वांत खालचे स्थान मिळते आणि पैसा अपुरा पडला की पहिली कात्री यांनाच लागते. एसएमपीएसला मिळणाऱ्या, २००४ साली सुरू झालेल्या ८० प्लस या प्रमाणपत्राचा लोकांनी उगाच बाऊ केला आहे. ते घेतलेल्या विजेतली किती कामी येते एवढेच सांगते, आणि तीही चाचणी सुमारे २३ अंशांच्या सुखद हवेत होते. कऱ्हाडला वैशाखात स्टुडिओच्या खोलीतील हवाच चाळिशीला टेकलेली असते, आणि यंत्राच्या पोटातली उष्णता त्या चाळिशीच्या वर चढवून मोजायची असते. पुढे अखंड काच लावलेली कॅबिनेटे दुकानात फार देखणी दिसतात. हवा कोठून आत यावी याचा विचार मात्र त्यांच्या कर्त्यांनी केलेला नसतो. मी जाळीच्या तोंडाचे कॅबिनेट सुचवले. धूळ जास्त जाते, हे कबूल. पण महिन्याकाठी ब्रश फिरवणे हे काम घरच्या मुलाला सांगता येते, काचेला हवा आत घे म्हणून सांगता येत नाही.

२६५-के ला ऐन जोरात २५० वॉटपर्यंत आणि ५०६० टीआयला १८० वॉट लागतात. म्हणून एसएमपीएस ७५० वॉटचा घेतला. बाजारात सर्रास मिळणारी ६०० व्हीएची यूपीएस बहुधा ३६० वॉटच देते, आणि एक्स्पोर्ट चालू असताना वीज गेली की ती यंत्रासकट बंद पडते. व्हीए आणि वॉट यांतील हा फरक खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेला असतो. तेव्हा यूपीएस मोठी घेतली. मग मी विचारले, "घरच्या मशीनच्या कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात का?" दोघेही एकदम हसले. मुंग्या येत होत्या, आणि त्या घरात चप्पल घालून एडिट करायचे हा नियम ठरून गेला होता. त्याचा अर्थ स्टुडिओच्या सॉकेटमधील तिसऱ्या पिनेला अर्थिंगच नव्हते. एसएमपीएसमधील गाळणीतून सुमारे निम्मा दाब कॅबिनेटच्या पत्र्यावर येऊन बसतो. प्रवाह अत्यल्प असल्यामुळे माणूस दगावत नाही, पण कॅमेऱ्याची केबल जोडताना यूएसबीचे तोंड जळू शकते. दीड लाखाच्या यादीत मी पहिल्या क्रमांकावर वायरमन लिहिला.

भाव काढण्याचा प्रकार आता निर्जीव झाला आहे. पूर्वी लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्गावर, दुकानादुकानांतून फिरून दरपत्रके जमवावी लागत आणि त्या निमित्ताने चार माणसे ओळखीची होत. आता व्हॉट्सॲपवर कोटेशन येते. बदललेले नाही ते एवढेच की, बिल नको असेल तर भाव कमी होतो. पक्के बिल आणि खोक्यावरचा सिरीयल नंबर यांची रुजवात घातल्याखेरीज मी पैसे देत नाही, कारण वॉरंटीच्या खिडकीवर दुकानदाराच्या गोड बोलण्याला काडीची किंमत नसते.

जुळणीच्या दिवशी बापलेक दोघेही हजर होते. बटण दाबले, पंखे फिरले, आणि पडदा काळाच राहिला. मुलाचा चेहरा उतरला. नव्या डीडीआर-५ रॅमशी बोर्ड प्रथमच जमवून घेत असतो तेव्हा असेच होते, आणि या वेळात घाबरून बटण दाबणाऱ्यांमुळे ती जमवाजमव पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मी त्यांना चहा दिला. पडदा उजळल्यावर हळदीचे तेच काम टाइमलाइनवर टाकले, तिन्ही कॅमेरे एकदम चालवले. मग एक्स्पोर्ट लावून तसेच तासभर तापू दिले आणि आकडे वहीत लिहून घेतले. खेळाची पाळी शेवटी आली. एक्स्पोर्ट चालू असताना खेळता येईल का, असे मुलाने विचारले, आणि वडिलांनी माझ्याआधी नाही म्हणून सांगितले.

मार्गशीर्षात गृहस्थांचा फोन आला. सीझन जोरात होता, यंत्र चोख चालत होते, पण मुलाच्या म्हणण्यावरून त्यांना रॅम दुप्पट करायची होती. तोवर बाजाराचा रंग पालटला होता. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांसाठी लागणाऱ्या स्मृतीकडे कारखान्यांनी आपले उत्पादन वळवले होते, २०२५ च्या डिसेंबरात मायक्रॉनने क्रुशियल या नावाने किरकोळ गिऱ्हाइकांना रॅम विकणे थांबवणार असल्याचे जाहीर केले होते, आणि आषाढात घेतलेल्या पट्ट्यांचा भाव दुपटीहून वर गेला होता. मी त्यांना टास्क मॅनेजर उघडायला लावले आणि त्यांच्या सर्वांत अवजड टाइमलाइनवर रॅम किती खर्ची पडते ते फोनवरच वाचून घेतले. आकडा पन्नाशीला पोचत नव्हता.

"मग घेऊ नको म्हणता?"

"घेऊ नका. तुम्ही यादीतून काढलेली ती हार्ड डिस्क आता घ्या. तीही स्वस्त राहिलेली नाही, पण रॅमच्या एका पट्टीपेक्षा कमीतच बसेल."

हार्ड डिस्क त्यांनी घेतली. रॅमबाबत मुलगा अजून व्हॉट्सॲपवर माझ्याशी वाद घालतो, आणि परीक्षा संपली की दुकानात येऊन ते सिद्ध करून दाखवणार आहे.